अलर्ट आल्यावर दुरुस्ती आपोआप व्हावी का, आणि कोणती?

प्रश्न

नमस्कार. आमची व्हर्च्युअल मशीन (सर्व्हरवर सॉफ्टवेअरने चालणारे आभासी संगणक) व्हीएमवेअरच्या व्हीस्फिअर या प्रणालीवर चालतात आणि त्यांच्यावर आरिया ऑपरेशन्सची (पूर्वीचे व्हीरिअलाइझ ऑपरेशन्स) देखरेख असते. रात्री तीन प्रकारचे अलर्ट वारंवार येतात: डेटास्टोअर (मशीनच्या फाइली साठवण्याची जागा) भरत आल्याचा, मेमरी कमी पडत असल्याचा आणि मशीनला सीपीयूसाठी ताटकळावे लागत असल्याचा. जुने स्नॅपशॉट (मशीनची एखाद्या क्षणाची जपून ठेवलेली स्थिती) काढून टाकणे, मेमरी वाढवणे, सीपीयूंची संख्या बदलणे अशा कृती शिफारशींसोबतच मिळत असल्यामुळे त्या माणसाविना चालाव्यात, असा वरिष्ठांचा आग्रह आहे. पॉलिसीत (मशीनच्या गटाला लागू होणाऱ्या नियमसंचात) ‘ऑटोमेट’चा पर्याय कोणत्या अलर्टसाठी चालू करावा आणि कोणत्यासाठी मुळीच करू नये?

उत्तर १

हा पर्याय मुळात बंद असतो, आणि तो चालू केला की त्या पॉलिसीखालच्या सगळ्या मशीनना लागू होतो. त्यामुळे मूळ पॉलिसीला हात न लावता चाचणीच्या मशीनचा वेगळा गट करून त्याला स्वतंत्र पॉलिसी द्यावी. एकाच अलर्टला अनेक शिफारशी असतील, तर सर्वांत वरच्या प्राधान्याच्या शिफारशीची कृती चालते. म्हणून तो क्रम आधी तपासावा.

लक्षण किती वेळ टिकल्यावर अलर्ट उठावा, हेही ठरवावे लागते. माहिती साधारणपणे ५ मिनिटांनी गोळा होते. प्रतीक्षा ३ फेऱ्यांची ठेवली, तर १५ मिनिटे सलग टिकणारी अडचणच अलर्ट उठवते आणि बॅकअपच्या वेळची क्षणिक उसळी सुटून जाते.

मेमरी आणि सीपीयू बदलणाऱ्या कृतींचा एक प्रकार मशीन बंद करण्याची मुभा घेऊन चालतो. व्हीएमवेअर टूल्स (मशीनच्या आत बसवलेले मदतनीस सॉफ्टवेअर) चालू असतील तर ऑपरेटिंग सिस्टीम रीतसर बंद होते. नसतील तर सरळ वीज काढल्यासारखे मशीन बंद पडते. डेटाबेसच्या मशीनवर हे कोणीही आपोआप होऊ देऊ नये.

उत्तर २

वरील उत्तराशी सहमत आहे. पण मला अधिक काळजी वाटते ती चुकीच्या निदानाची. सीपीयूचा अलर्ट घ्या. व्हीसेंटर या व्हीस्फिअरच्या मध्यवर्ती व्यवस्थापन सॉफ्टवेअरच्या रिअल-टाइम आलेखात नमुना २० सेकंदांचा असतो, म्हणून २,००० मिलिसेकंद ‘रेडी’ (सीपीयूसाठी ताटकळण्याचा वेळ) म्हणजे १० टक्के; आणि आकडा संपूर्ण मशीनचा असल्यास त्याला व्हीसीपीयूंच्या (मशीनला दिलेल्या आभासी सीपीयूंच्या) संख्येने भागावे लागते. हे प्रमाण वाढलेले असताना मशीनला आणखी व्हीसीपीयू दिले, तर आधीच गर्दी असलेल्या होस्टवर (मशीन चालवणाऱ्या प्रत्यक्ष सर्व्हरवर) वाटेकरी वाढतात आणि अलर्ट अधिक तीव्र होतो. तेथे मशीन दुसऱ्या होस्टवर हलवणे हा उपाय असतो आणि ते काम डीआरएस (होस्टांमध्ये भार वाटणारी व्हीस्फिअरची सोय) करते. व्हीस्फिअर ७ पासून ते दर मिनिटाला आढावा घेते.

मेमरीचेही तसेच. जावा किंवा एसक्यूएल सर्व्हर मिळेल तेवढी मेमरी धरून ठेवतात, त्यामुळे ‘भरलेली’ दिसणारी मेमरी अपुरी असतेच असे नाही, आणि गळती असेल (प्रोग्रॅम घेतलेली मेमरी सोडत नसेल) तर वाढवलेली मेमरीही गिळली जाते. हॉट-ॲडने मेमरी चालू मशीनला देता येते, पण परत घेण्यासाठी मशीन बंद करावे लागते. जी कृती तितक्याच सहज मागे घेता येत नाही, ती माणसाच्या मंजुरीविना चालू नये, असे माझे ठाम मत आहे.

उत्तर ३

हा निकष लावला तर स्नॅपशॉट काढून टाकणेही बाद होईल, कारण काढून टाकलेला स्नॅपशॉट परत येत नाही. तरीही मी तेच प्रथम स्वयंचलित करेन. एक स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा अधिक ठेवू नये, असे व्हीएमवेअरचेच मार्गदर्शन आहे, आणि डेटास्टोअर पूर्ण भरला तर त्यावरची अनेक मशीन एकदम अडकतात. तो धोका मोठा आहे. अर्थात डेटास्टोअर ९५ टक्के भरेपर्यंत थांबू नये, कारण विलीनीकरणामुळे (स्नॅपशॉटनंतरचे बदल मूळ डिस्कमध्ये मिसळण्यामुळे) डिस्कवर ताण येतो आणि त्याला स्वतःलाही जागा लागू शकते. वयाच्या अटीवर, कामाच्या वेळेबाहेर, आणि बॅकअप सॉफ्टवेअरने घेतलेले स्नॅपशॉट वगळून हे करावे.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. म्हणजे स्नॅपशॉटची कृती चाचणी गटावर सुरू करतो आणि मेमरी व सीपीयूसाठी आपोआप फक्त तिकीट उघडतो. बदल करणाऱ्या कृतीसाठी व्हीसेंटरचे खाते कोणते वापरावे?

उत्तर १

स्वतंत्र खाते वापरावे, प्रशासकाचे नव्हे. त्याला केवळ स्नॅपशॉट काढून टाकण्याचा अधिकार त्या गटापुरता द्यावा. म्हणजे पॉलिसीत चुकून इतर काही चालू झाले, तरी व्हीसेंटर ते नाकारेल, आणि नोंदीत कोणती कृती यंत्रणेने केली हे वेगळे ओळखता येईल.