प्रतिसाद: हायटस हर्नियाचं दुर्बिणीचं ऑपरेशन
परभणीच्या ताईंनी वडिलांच्या हायटस हर्नियाचं (जठराचा वरचा भाग छातीत सरकतो, त्याचं) ऑपरेशन करावं का, असं विचारलंय आणि वर काहींनी लिहिलंय, "गोळ्या चालू ठेवा, पोट फाडायच्या फंदात पडू नका." सहसा पोट फाडत नाहीत हो आता. चार-पाच बारीक छिद्रांतून दुर्बिणीनं करतात. माझ्या सासूबाईंचं लातूरला तसंच झालं.

छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याचं मोठं झालेलं भोक टाक्यांनी लहान करतात, छातीत सरकलेलं जठर खाली घेतात आणि त्याचा वरचा भाग अन्ननलिकेच्या खालच्या टोकाभोवती गुंडाळतात. पूर्ण वेढा म्हणजे निसेन, २७० अंशांचा म्हणजे टूपे. गोळी आम्ल कमी करते, पण सरकलेलं जठर जागेवर आणत नाही. म्हणून गोळी घेऊनही आडवं झालं की पाणी घशाशी येतं.

सगळ्यांनाच ऑपरेशन लागतं असं नाही. पण करायचंच ठरलं तर एंडोस्कोपीवर थांबू नका, मॅनोमेट्री, म्हणजे अन्ननलिकेतला दाब मोजायची तपासणी, करून घ्याच. अन्ननलिकेची घास ढकलायची ताकद कमी असली आणि पूर्ण वेढा दिला तर घास अडकतो. ही तपासणी जवळ होत नसेल तर संभाजीनगर, पुणे गाठा, पण टाळू नका.

नंतर काही आठवडे भाकरी, ठेचा बंद. पातळ खिचडी, आंबील, तेही घोट-घोट. ढेकर नीट येत नाही, पोट फुगतं. सासूबाईंना याचाच जास्त त्रास झाला, मग हळूहळू ओसरला. वडील शेतात जात असतील तर सोयाबीनची पोती त्यांना उचलू देऊ नका. आणि ताई, छातीतल्या जळजळीवर ईसीजी झालाय ना? नसेल तर आधी तो काढा.