एचडीएमआय २.० सोर्स बोर्ड: फिक्स्चर लावल्यावर ४के६० जातं, डी१ चा स्क्यू फेल

वेर्णा_हार्डवेअर
वेर्ण्यात साइनेज प्लेअरचा (जाहिरातीच्या स्क्रीनला चित्र पुरवणारा) सोर्स बोर्ड, म्हणजे एचडीएमआय सिग्नल पाठवणारा, तयार होतोय. अधिकृत टेस्ट सेंटरला पाठवण्याआधी इथेच मोजून घ्यायचाय. १३ गिगाहर्ट्झचा स्कोप (ऑसिलोस्कोप), टेस्ट फिक्स्चर (एचडीएमआय पोर्टमधल्या तारा स्कोपपर्यंत आणणारा जोड) आणि एसएमए कोॲक्स केबल्स आहेत.

टीव्हीवर ४के६० (४के, सेकंदाला ६० फ्रेम) व्यवस्थित दिसतं, पण फिक्स्चर लावलं की बोर्ड १०८०पी वर उतरतो. ड्रायव्हरमधून जबरदस्तीने ४के६० सुरू केलं, तर डी१ चा (डी०, डी१, डी२ या तीन डेटा जोड्यांपैकी एक) इंट्रा-पेअर स्क्यू, म्हणजे जोडीतल्या दोन तारांवरच्या सिग्नलमधला वेळेचा फरक, ३८ पिकोसेकंद येतो. डी० आणि डी२ पास. आय डायग्राम (सगळे बिट एकावर एक ठेवून काढलेलं चित्र, मधली मोकळी जागा म्हणजे आय) मात्र तिन्हींचा पार मिटलेला. बोर्ड पुन्हा बनवायचा का?

फर्मागुडी
इतक्यात नको. आधी १०८०पी चं बघा. फिक्स्चर म्हणजे टीव्ही नव्हे, त्याच्यात ईडीआयडी (आपल्याला कोणते मोड चालतात ते सोर्सला सांगणारा टीव्हीतला डेटा) नसतो. टीव्हीची नक्कल करणारा एमुलेटर जोडा आणि त्यातल्या ईडीआयडीत व्हीआयसी ९७ (४के६० चा मोड क्रमांक), एचडीएमआय फोरमचा ब्लॉक (त्याची ओळख, ओयूआय सी४-५डी-डी८), कमाल टीएमडीएस (एचडीएमआयच्या डेटा जोड्यांवरचा सिग्नल) रेट हेक्स ७८, म्हणजे १२० गुणिले ५, ६०० मेगाहर्ट्झ, आणि एससीडीसी (सोर्स आणि टीव्ही यांच्यातला सेटिंग-स्टेटसचा चॅनेल) असल्याचा बिट एवढं आहे ना ते तपासा. काहीही बदललं की १२८ बाइटच्या त्या ब्लॉकचा चेकसम पुन्हा काढा, तो चुकला की सोर्स अख्खा ब्लॉक टाकून देऊ शकतो.

एमुलेटरने एससीडीसीच्या हेक्स ए८ पत्त्यावर उत्तरही द्यायला हवं. सोर्स तिथे रजिस्टर हेक्स २० मध्ये स्क्रॅम्बलिंग आणि क्लॉक रेशोचे बिट लिहितो. उत्तर आलं नाही की बरेच ड्रायव्हर खालच्या मोडवर येतात.

टर्मिनेशनचंही बघा. टीएमडीएसला प्रत्येक तारेवर ५० ओहम ३.३ व्होल्टला हवेत, स्कोपचे ५० ओहम ग्राउंडला असतात. त्यामुळे बायस-टी (सिग्नलच्या तारेवर डीसी व्होल्टेज देणारा जोड) किंवा टर्मिनेशन व्होल्टेज देणारा प्रोब लागतो. ज्या जोड्या मोजत नाही त्याही ३.३ व्होल्टलाच टर्मिनेट करा, मोकळ्या ठेवू नका. काही चिप रिसीव्हर दिसला नाही तर आउटपुटच बंद करतात.

मापक_मडगाव
तिन्ही आय सारख्याच मिटल्या असतील तर मी बोर्डाला नव्हे, सेटिंगला धरेन. आधी क्लॉक जोडीची फ्रीक्वेन्सी मोजा. ५.९४ गिगाबिटला ती १४८.५ मेगाहर्ट्झ हवी, म्हणजे बिट रेटच्या १/४०. ५९४ आली तर जबरदस्तीच्या मोडमध्ये ड्रायव्हर जुन्या १/१० वरच आहे, त्या आयला काही अर्थ नाही. १४८.५ येत असेल, तर ॲनालिसिस सॉफ्टवेअरमध्ये १/१० राहिलंय का बघा. शिवाय आय मोजायची ती वर्स्ट केबलचं मॉडेल आणि रेफरन्स इक्वलायझर दोन्ही लावून. नुसत्या केबल मॉडेलनंतर ती मिटलेली दिसणारच.

स्क्यूची मर्यादा ०.१५ टी-बिट (एका बिटच्या वेळेच्या ०.१५ पट), म्हणजे २५ पिकोसेकंद. कोॲक्समध्ये १ मिमी फरकाला साधारण ५ पिकोसेकंद जातात, त्यामुळे डीस्क्यू (केबल आणि चॅनेलमधला वेळेचा फरक काढून टाकणं) केल्याशिवाय या आकड्यावर विश्वास ठेवू नका. डी१ च्या दोन केबल्स स्कोपच्या चॅनेलसकट अदलाबदल करा आणि पी, एन पुन्हा नीट नेमून दुसरं रीडिंग घ्या. दोन्हींची सरासरी हा बोर्ड आणि फिक्स्चरचा वाटा, फरकाचा निम्मा केबल आणि चॅनेलचा.

एक आपल्याकडचं: पावसात एसी रात्री बंद राहिला की सकाळी कनेक्टरवर दमट थर असतो. टोप्या लावून ठेवा, ९९ टक्के आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) पुसा, स्कोप अर्धा तास तापू द्या आणि मगच कॅलिब्रेशन करा. नट टॉर्क रेंचने आवळा; ३.५ मिमी आणि २.९२ मिमी कनेक्टरला ०.९ न्यूटन-मीटर, पितळी एसएमएला त्याहून कमी. केबल फिरवू नका, फक्त नट फिरवा.

वेर्णा_हार्डवेअर
दोघांचेही आभार. एससीडीसीवाला एमुलेटर लावताच ४के६० आलं. क्लॉक १४८.५ आहे, सॉफ्टवेअरमध्ये १/१० च होतं. १/४० केल्यावर आय उघडली, मास्क (आयच्या आत सिग्नल येऊ नये अशी हद्द) पास. केबल्सची अदलाबदल करून डी१ चं रीडिंग १० पिकोसेकंद आलं.

मापक_मडगाव
म्हणजे केबलचे १४, बोर्ड आणि फिक्स्चरचे २४. पास आहे, पण १ पिकोसेकंदाच्या मार्जिनवर मी बोर्ड पाठवणार नाही. टेस्ट सेंटरचं फिक्स्चर वेगळं असेल आणि हा फरक त्यातच जाईल. एफआर४ (काचेच्या विणीचं नेहमीचं बोर्ड मटेरियल) च्या वरच्या थरावर २४ पिकोसेकंद म्हणजे जवळपास ४ मिमी. चिपखालून बाहेर पडताना आणि ईएसडी डायोडपाशी (स्थिर विजेपासून वाचवणारा) डी१ च्या दोन ट्रेसची लांबी मोजा. कमी पडणारी लांबी जिथे फरक पडला तिथेच भरा, कनेक्टरजवळ नको, नाहीतर मधल्या सगळ्या अंतरात कॉमन मोड (दोन्ही तारांवर एकसारखा येणारा नको असलेला सिग्नल) राहतो. लांबी जुळत असेल तर काचेच्या विणीचा संशय घ्या, पुढच्या लॉटमध्ये पॅनेलवर बोर्ड १० अंश तिरका मांडायला सांगा.