मदत हवी आहे: जावामध्ये मेथडने स्ट्रीम परत केल्यावर तिच्यामागची फाइल कोणी बंद करावी?

नमस्कार. जावा 17 वर चालणाऱ्या आमच्या एका सर्व्हिसबाबत जाणकारांचे मत हवे आहे.

ही सर्व्हिस दिवसभर छोट्या सीएसव्ही फाइली वाचते. दुपारपर्यंत सारे सुरळीत चालते आणि मग 'टू मेनी ओपन फाइल्स' हा एरर येऊन डेटाबेसची नवी कनेक्शनेसुद्धा उघडेनाशी होतात. लिनक्सवर 'एलएसओएफ' (उघड्या फाइलींची यादी देणारी आज्ञा) चालवून पाहिले, तर सकाळीच वाचून झालेल्या फाइलींची नावे ओळीने समोर आली. सर्व्हिसच्या कंटेनरमध्ये डिस्क्रिप्टरची (प्रत्येक उघड्या फाइलीला किंवा कनेक्शनला लागणाऱ्या क्रमांकाची) मर्यादा 1024 आहे, आणि त्या वेळी हीप (जावाची ऑब्जेक्टसाठीची मेमरी) मात्र अर्धीही भरलेली नव्हती. गार्बेज कलेक्टर (न लागणारी ऑब्जेक्ट काढून मेमरी मोकळी करणारा जावाचा भाग) मेमरीची गरज पाहून चालतो, डिस्क्रिप्टर संपत आल्याचे त्याला कळत नाही, हे मला तेव्हा खऱ्या अर्थाने उमगले.

दोष सापडला आहे. आमची एक मेथड 'फाइल्स.लाइन्स'ने मिळालेली स्ट्रीम (फाइलीतल्या ओळी एकेक करून देणारा प्रवाह) तशीच परत करते आणि वापरणारा तिच्यावर 'कलेक्ट' (ओळी गोळा करणे) करून मोकळा होतो. 'कलेक्ट' झाले म्हणजे स्ट्रीम आपोआप बंद होते, असा आम्हा सर्वांचाच समज होता. मेथडमध्येच ट्राय-विथ-रिसोर्सेस (ब्लॉक संपताच त्यात उघडलेली गोष्ट आपोआप बंद करणारी रचना) लावून पाहिले, तेव्हा स्ट्रीम हाती येण्याआधीच बंद झाली आणि 'इल्लीगल स्टेट एक्सेप्शन' मिळाले.

मर्यादा वाढवणे मला पटत नाही, कारण त्याने बिघाड फक्त संध्याकाळवर जाईल. 'फायनलाइझ' (ऑब्जेक्ट काढण्याआधी कलेक्टर बोलावतो ती मेथड) जावा 9 पासूनच नापसंत ठरवलेले आहे आणि जावा 18 मध्ये ते काढून टाकण्यासाठी निश्चित झाले, त्यामुळे तो मार्गही मिटला. 'क्लीनर' (ऑब्जेक्ट निरुपयोगी झाल्यावर नेमून दिलेली आवराआवर करणारी सोय) वापरता येईल, पण तोही कलेक्टरच्याच वेळापत्रकावर चालतो. शिवाय त्याला दिलेल्या लॅम्डाने (छोट्या निनावी फंक्शनने) चुकून 'धिस' (म्हणजे त्याच ऑब्जेक्टचा संदर्भ) पकडून ठेवला, तर ते ऑब्जेक्ट कधीच मोकळे होत नाही.

माझा कल असा आहे की मेथडने स्ट्रीम परतच करू नये. वापरणाऱ्याकडून फंक्शन घ्यावे, आतल्या ट्राय-विथ-रिसोर्सेसमध्ये ते चालवावे आणि फक्त उत्तर परत द्यावे. बहुतेक ठिकाणी हे जमेल. अडचण एकाच ठिकाणी आहे: तिथे स्ट्रीमचा इटरेटर (मागेल तेव्हा पुढची ओळ देणारे ऑब्जेक्ट) दुसऱ्या क्लासकडे जातो, तो क्लास सवडीने एकेक ओळ उचलतो आणि काही वेळा मध्येच थांबतो. अशा वेळी त्या क्लासनेच 'ऑटोक्लोजेबल' (ट्राय-विथ-रिसोर्सेसला बंद करता येईल असा) व्हावे आणि स्ट्रीम स्वतःकडे धरून ठेवावी का? की सगळ्या ओळी आधी लिस्टमध्ये घेऊन फाइल लगेच बंद करणेच बरे? फाइली क्वचितच 2 एमबीच्या वर जातात.