फूड डिलिव्हरी प्लॅटफॉर्म: तयार कॉमर्स इंजिनवर उभं करायचं की सगळं मुळापासून लिहायचं?

रात्रपाळी
आमच्या टीममध्ये दोन आठवडे यावरूनच जुंपलीय म्हणून इथे मांडतो. माझं मत सरळ आहे, कार्ट, टॅक्स, कूपन, पेमेंट, लॉगिन हे परत पहिल्यापासून लिहिण्यात काडीचा अर्थ नाही. सेलिअर, मेड्यूसासारखी ओपन सोर्स हेडलेस इंजिनं आहेत, समोरचा स्क्रीन आपला आणि मागचं सगळं एपीआयवर (प्रोग्रामनी एकमेकांशी बोलायची ठरलेली वाट), म्हणजे ग्राहकाचं ॲप, किचनमधला टॅबलेट, रायडरचं ॲप तिन्ही त्याच इंजिनशी बोलणार. वाचलेला वेळ डिस्पॅचला, म्हणजे कुठली ऑर्डर कोणत्या रायडरकडे द्यायची त्या कामाला द्या, गिऱ्हाईक टिकतं की जातं ते तिथेच ठरतं. नुसतं कूपन घ्या ना, "पहिलीच ऑर्डर, अमुक रकमेच्या वर, दुसऱ्या ऑफरसोबत नाही" लिहायला सोपं वाटतं, पण अर्धी ऑर्डर रद्द झाली की सूट किती परत घ्यायची इथे भलेभले अडकतात.

डेटाबेसवाली
अजिबात पटलं नाही. ही इंजिनं दुकान डोळ्यासमोर ठेवून बनलीत, स्वयंपाकघर नाही. एक डिश घ्या, साइज चार, वर दहा एक्स्ट्रा, प्रत्येक एक्स्ट्रा हवं किंवा नको. याचे व्हेरियंट, म्हणजे प्रत्येक जोडणीची वेगळी नोंद, करायला बसलात तर ४ गुणिले १,०२४ म्हणजे ४,०९६, एका डिशचे! शॉपिफायवर (ऑनलाइन दुकानं चालवायचा तयार प्लॅटफॉर्म) कित्येक वर्षं एका प्रॉडक्टला १०० व्हेरियंटचीच मर्यादा होती. मग तुम्ही एक्स्ट्राचं वेगळं टेबल करणार, त्याची किंमत कार्टमध्ये घुसवणार, नंतर टॅक्समध्ये, नंतर रिफंडमध्ये, आणि शेवटी इंजिनचं उरलं काय? स्टॉकचंही तेच, किचनमध्ये "४० नग शिल्लक" असं नसतं, "आत्ता मिळेल, आत्ता नाही, तासाभराने बघा" असं असतं.

रात्रपाळी
व्हेरियंट करायचेच नाहीत हो. साइज तेवढा व्हेरियंट, एक्स्ट्रा सगळे लाइन आयटमच्या (ऑर्डरमधल्या त्या डिशच्या ओळीच्या) मेटाडेटामध्ये, म्हणजे सोबत जोडलेल्या जादा माहितीत, किंमत आपल्या फंक्शनमधून. इंजिन ‘फ्लेक्सिबल’ आहे म्हणतात ते यालाच.

जुना_खेळाडू
दोघांनाही एक अनुभव सांगतो. आम्ही तयार इंजिन घेतलं होतं. त्याच्या लेखी पैसे आले की ऑर्डर पक्की. प्रत्यक्षात किचनने सहा मिनिटांनी "नाही जमणार" दाबलं, तोवर पैसे कापले गेलेले आणि रिफंड यायला दिवस लागले, लोकांच्या शिव्या खाल्ल्या. उपाय इंजिनमध्येच होता, आधी रक्कम नुसती होल्ड करायची आणि किचनने होकार दिला की मगच कट करायची, आम्ही ते सेटिंग उघडूनच पाहिलं नव्हतं. दुसरं याहून वाईट. "ऑर्डर तयार" हा वेबहूक, म्हणजे एका सिस्टिमने दुसरीला आपोआप पाठवलेला निरोप, दोनदा आला (वेबहूक दोनदा येऊ शकतो हे धरूनच चालायचं असतं) आणि काउंटरवर दोन रायडर एकाच नंबरची स्लिप दाखवत उभे, पाकीट एकच. दुसरा पोरगा ट्रॅफिकमधून धावत आलेला, त्याच्या खेपेचे पैसे दिलेच आम्ही, पण त्याचा चेहरा अजून आठवतो. त्यानंतर प्रत्येक इव्हेंटचा आयडी टेबलात युनिक केला, म्हणजे तोच निरोप परत आला तर घेतलाच जात नाही. मुळापासून लिहिलं असतं तरी हीच चूक केली असती, खरं सांगायचं तर.

कोपऱ्यातला
डिस्पॅच आपलं आपणच लिहायचं, याला +१. खेपा कोणाला कशा वाटायच्या हा प्रश्न डँटझिग आणि रॅमझर यांनी १९५९ मध्येच मांडलाय, अजून त्यावर डोकी फुटतायत, तो कॉमर्स इंजिनच्या कुठल्या टॅबमध्ये सापडणार नाही. रस्त्यांसाठी ओपनस्ट्रीटमॅप (खुला नकाशा) आणि त्यावर मार्ग काढणारं ओएसआरएम आहे, सुरुवातीला पुरतं.

डेटाबेसवाली
जुना_खेळाडू, होल्डचा मुद्दा मान्य. पण मला भीती वेगळी आहे, खरं दोन ठिकाणी राहतं. इंजिन म्हणतं "पूर्ण", डिस्पॅच म्हणतं "रायडर थांबलाय", आणि सपोर्टला बसलेली मुलगी ग्राहकाला काय सांगणार? आणि कृपा करून रायडरचं लोकेशन इंजिनच्या डेटाबेसमध्ये टाकू नका, ५०० रायडर दर ५ सेकंदांनी पिंग करतात म्हणजे सेकंदाला १०० नोंदी, ते रेडिससारख्या (मेमरीत चालणारा वेगवान डेटाबेस) ठिकाणी ठेवा आणि खेप संपली की मार्गाची एकच नोंद जपा.

रात्रपाळी
लोकेशनचं शंभर टक्के. स्टेटसचं म्हणाल तर मालक एकच ठेवायचा, किचनच्या होकारापासून दारापर्यंत डिस्पॅचचं खरं, पैशाचं मात्र इंजिनचं, आणि सपोर्टच्या स्क्रीनवर डिस्पॅचचंच दाखवायचं.

डेटाबेसवाली
बरं, मग एक केस चालवून दाखवा. तीन डिशची ऑर्डर, एकीवर दोन एक्स्ट्रा, कूपन लागलेलं, टिप दिलेली. किचनने एक डिश नाही म्हटली आणि उरलेली रक्कम कूपनच्या किमान रकमेच्या खाली गेली. ग्राहकाला परत किती, किचनला किती, रायडरला किती आणि कमिशन कशावर? तुमच्या इंजिनने हात न लावता चारही आकडे बरोबर काढले तर मी माझं म्हणणं मागे घेते.

रात्रपाळी
हात न लावता नाही काढणार, सूट कोणी सोसायची तो नियम आपल्यालाच लिहावा लागेल. उद्या हीच केस टेस्टमध्ये टाकतो आणि आकडे इथेच देतो.