ठेका पोकळ नाही, स्पीकर बारका आहे
संजू राठोडच्या 'गुलाबी साडी' गाण्याचा व्हिडिओ झकास पण ठेका पोकळ, हे वरच्या कमेंटमधलं मत अर्धंच पटलं. व्हिडिओ झकासच आहे. पण गाणं मोबाईलवरच ऐकलंत ना? त्या बारक्या स्पीकरमधून खर्जातला आवाज नीट निघतच नाही. आपला नाशिक ढोलच घ्या. नाशिकात वाकडी बारवपासून गणपतीची मिरवणूक निघाली की थापीचा, म्हणजे ढोलाच्या खर्जाच्या बाजूचा, घुमारा थेट छातीत बसतो. त्याच मिरवणुकीची क्लिप घरी मोबाईलवर लावा, नुसती टिपरूची (ढोल वाजवायच्या काठीची) टकटक. आमच्या आईला तर पत्र्यावर पाऊस पडतोय असं वाटलं!

बरे हेडफोन लावून परत ऐका. संजू राठोड आमच्या नाशिकशेजारच्या जळगावचा म्हणून मी त्याची बाजू घेतोय असं समजा हवं तर. त्याचं २०२५ चं 'शेकी' गाणंही लगेच लावा, मला तर ते जास्तच आवडलंय.