सरखेल म्हणजे नेमकं कोण? कान्होजी आंग्रे यांच्या फलकासाठी मदत हवी

हर्णै_वाचक:
४ जुलैला कान्होजी आंग्रे यांचा स्मृतिदिन. गावच्या वाचनालयात एक फलक लावायचा आहे. 'मराठा आरमाराचे अॅडमिरल, समुद्राचा राजा' एवढंच सगळीकडे सापडतं. त्यांचं काम काय होतं, जहाजं कशी होती, लढायचे कसे, हे थोडक्यात पण नेमकं कुणी सांगेल का? इंग्रज त्यांना 'चाचे' म्हणजे समुद्री लुटारू म्हणत, त्या शब्दाला काय उत्तर द्यावं? आणि विजयदुर्गाजवळ आरमार जळालं ते त्यांचंच ना?

नाळ_ते_सुकाणू:
शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण फलकावर ही चूक हमखास होते. कान्होजी १७२९ मध्ये वारले. आरमार जळालं फेब्रुवारी १७५६ मध्ये, तेव्हा विजयदुर्गावर त्यांचे पुत्र तुळाजी होते.

आता पद. सरखेल म्हणजे आरमाराचा मुख्य, पण आजच्या अॅडमिरलशी थेट बरोबरी करू नका. आजच्या अॅडमिरलला जहाजं सरकार बांधून देतं, पगार सरकार देतं. सरखेलाला किल्ले, बंदरं, जकात, जहाजबांधणी, खलाशांचा पगार हे सगळं स्वतःच चालवावं लागे. सिधोजी गुजर १६९८ मध्ये वारल्यावर पद कान्होजींकडे आलं. १७१३ मध्ये शाहू महाराजांनी पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना त्यांच्यावर धाडलं, तर कान्होजींनी पेशव्यांनाच कैद केलं! मग बाळाजी विश्वनाथांनी बोलणी केली. कान्होजी ताराबाईंची बाजू सोडून शाहूंकडे आले आणि कुलाबा (अलिबागचा), सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, खांदेरी असे किल्ले त्यांच्याकडे कायम झाले. फलकावर एकच प्रसंग मावत असेल तर हा घ्या. लढाईपेक्षा यातून त्यांचं वजन कळतं.

गलबत_सत्तर:
जहाजांचं मी सांगतो. मुख्य प्रकार दोन.

गुराब: दोन डोलकाठ्यांची असेल तर साधारण १५० टन, तीन डोलकाठ्यांची ३०० टनांपर्यंत. लांबीच्या मानाने रुंद, पुढे निमुळती होत गेलेली लांब नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक. नाळेवरून पुढे मारा करणाऱ्या दोन तोफा, ९ किंवा १२ पौंडी गोळ्याच्या. बाजूंना ६ ते ९ पौंडी.

गलबत: बहुधा ७० टनांच्या आत. मोठं त्रिकोणी शीड आणि ४०-५० वल्ही. वारा पडला तरी वल्ह्यांवर तासाला सुमारे चार मैल जाई. बरीचशी गलबतं हलकी, वर चिरलेल्या बांबूंचं छप्पर आणि फिरत्या छोट्या तोफा.

एकट्या गुराबेची युरोपियन युद्धनौकेशी तोफांची बरोबरी नव्हती, हे कबूल करायला लाजू नये. म्हणून पद्धत वेगळी. वारा पडायची वाट बघायची. मोठं जहाज जागच्या जागी अडकलं की गलबतांनी गुराबांना दोरांनी ओढत त्याच्या मागच्या बाजूला न्यायचं, कारण तिकडे तोफा कमी. आधी शिडं आणि डोलकाठ्या फोडायच्या, मग चहूबाजूंनी गलबतं भिडवून माणसं चढवायची. मोठ्या हल्ल्याला आठ-दहा गुराबा आणि चाळीस-पन्नास गलबतं असत. हे फसायचं कधी? भर समुद्रात, जोराच्या वाऱ्यात. तिथे मोठं जहाज निसटून जाई किंवा वळून पूर्ण बाजूच्या तोफा डागे.

खारा_वारा:
वरच्या उत्तरात एक भर. सगळा डाव किनाऱ्याला धरून होता. पहाटे मतलई वारा जमिनीकडून वाहतो तेव्हा खाडीतून बाहेर पडायचं, दुपारी समुद्राकडून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्यावर परतायचं. गुराबेला पाणी कमी लागे, त्यामुळे ती खाडीत शिरली की मोठी जहाजं मागे येऊ शकत नसत. विजयदुर्गाच्या वाघोटन खाडीत आंग्र्यांची गोदी आहे, खडकात कोरलेली, साडेतीनशे फूट लांब आणि सव्वादोनशे फूट रुंद. दुरुस्ती इथे होई. फलकावर किल्ल्याचा फोटो सगळेच लावतात, या गोदीचा लावा.

भरतीचं गणित तर आपल्याकडे पोराटोरांना येतं: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. कुलाबा ओहोटीला चालत गाठता येतो, भरतीला पाण्याने वेढलेला. उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, ओहोटीचं पाणी लांब मागे हटतं. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपास, तेवढं हटत नाही.

नाळ_ते_सुकाणू:
बरोबर. आणि डिसेंबर १७२१ मध्ये इंग्रज-पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर आले, तेव्हा नुसत्या पाण्यावर भागलं नाही. जमिनीवरून बाजीरावांची फौज आली, पोर्तुगिजांनी जानेवारी १७२२ मध्ये वेगळा तह केला आणि इंग्रज एकटे पडले. त्याआधी १७१८ मध्ये खांदेरीवर आणि १७२० मध्ये विजयदुर्गावर इंग्रजांचे प्रयत्न फसले होते.

दस्तक_पाहणारा:
'चाचे' बद्दल. रागावून उत्तर देऊ नका, दस्तक समजावून सांगा. कोकणच्या पाण्यातून जाणाऱ्या व्यापारी जहाजाने सरखेलाचं दस्तक, म्हणजे परवाना, पैसे देऊन घ्यायचं. नसेल तर जहाज धरलं जाई. पोर्तुगीज स्वतः 'कार्ताझ' नावाने हेच दोनशे वर्षं करत आले होते. इंग्रजांना दस्तक मान्य नव्हतं, म्हणून भांडण. १७१२ मध्ये मुंबईच्या गव्हर्नराची सशस्त्र नौकाच धरली गेली. तिच्यावरच्या इंग्रज बाईला सोडायला ३०,००० रुपये घेतले. आपल्या पाण्यावर राज्याने नेमलेला अधिकारी कर घेतो, त्याला चाचा म्हणायचं की नाही हे वाचणाऱ्याला ठरवू द्या. कान्होजींच्या पदरी काही युरोपियन माणसंही होती, हेही लिहा. लोकांना माहीत नसतं.

हर्णै_वाचक:
सगळ्यांचे आभार. १७५६ ला नेमकं काय झालं, दोन ओळीत?

गलबत_सत्तर:
कान्होजींनंतर मुलांत वाटणी झाली, मानाजी कुलाब्याला आणि संभाजी दक्षिणेकडे. पुढे तुळाजींचं पेशव्यांशी बिनसलं, नानासाहेबांनी इंग्रजांशी हात मिळवला. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग गेला. पुढच्या वर्षी विजयदुर्गाखाली गुराबा एकमेकींना बांधून उभ्या होत्या. इंग्रजांच्या गोळ्याने, आंग्र्यांनी आधी धरलेल्या एका इंग्रज जहाजाला आग लागली आणि ती सगळ्यांवर पसरली. अशी बांधून ठेवलेली जहाजं ऐन वेळी सोडवताही येत नाहीत.

जाता जाता: मुंबईतलं 'आयएनएस आंग्रे' हे जहाज नाही, किनाऱ्यावरचा नौदल तळ आहे. फलकावर जहाजाचं चित्र काढून खाली ते नाव लिहू नका.