मदत हवी आहे : कुळागर शिंपताना डिले न वापरता वेळ कशी मोजावी?

नमस्कार. गोव्यातील फोंडा तालुक्यात आमचे छोटे कुळागर, म्हणजे मिश्र बागायत, आहे. माडी (सुपारीची झाडे), त्यांवर चढवलेली मिरी, मधल्या जागेत केळी, अशी नेहमीचीच लागवड आहे. पूर्वी झरीचे पाणी पाटाने बुंध्यापर्यंत येत असे. आता फेब्रुवारीनंतर झर आटत जाते आणि पावसापर्यंत विहिरीवरच भागवावे लागते. वडिलांना आता उतारावर वारंवार चढउतार करणे जमत नाही, म्हणून मी आर्डुइनो युनो या प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डावर शिंपण्याची व्यवस्था केली आहे. बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणारे तीन स्विच, म्हणजे रिले, आहेत : दोन वरच्या व खालच्या टप्प्याच्या सोलेनॉइड (विजेवर उघडणाऱ्या) व्हॉल्व्हसाठी आणि तिसरा पंपाच्या कॉन्टॅक्टरसाठी (मोटरच्या मोठ्या स्विचसाठी). विहिरीत पाणी आहे की संपले हे कळवणारा तरंगता फ्लोट स्विच सोडला आहे.

क्रम असा हवा : वरचा व्हॉल्व्ह उघडावा, तीन सेकंदांनी पंप सुरू व्हावा, ४५ मिनिटांनी पंप थांबावा आणि त्यानंतर दहा सेकंदांनी व्हॉल्व्ह मिटावा, मग खालच्या टप्प्यासाठी हेच ३० मिनिटे. हा क्रम उलटला आणि मिटलेल्या व्हॉल्व्हवर पंप दाब देत राहिला, तर पाइपाचे जोड निखळतात. हे आमच्याकडे एकदा घडले आहे.

पहिल्या प्रोग्राममध्ये मी सरळ डिले(२७०००००) लिहिले होते, म्हणजे तेवढे मिलिसेकंद (४५ मिनिटे) प्रोग्रामला जागीच थांबवणारी आज्ञा. त्या ४५ मिनिटांत प्रोग्राम फ्लोट स्विचकडे पाहतच नाही, हे माझ्या लक्षात आले नाही. एप्रिलमध्ये विहिरीचे पाणी मध्येच तळाला गेले आणि पंप कोरडा फिरत राहिला. आवाज बदलल्याचे वडिलांना घरातून कळले म्हणून मोटर वाचली. सील मात्र गेले.

त्यानंतर मी मिलिस() (बोर्ड सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद सांगणारी आज्ञा) वापरून प्रोग्राम नव्याने लिहिला आणि वाचायला सोपे जावे म्हणून अवधी ४५ * ६० * १००० आणि ३० * ६० * १००० असे मांडले. आता वरचा टप्पा सुमारे १३ सेकंदांत थांबतो आणि खालचा सुमारे ३० सेकंदांत. ज्याला जास्त वेळ दिला तोच आधी का थांबतो, हे मला उलगडलेले नाही.

दुसरी अडचण मला अधिक महत्त्वाची वाटते. पाणी संपल्यावर पंप आता लगेच थांबतो. पण विहिरीत पुन्हा पाणी चढेपर्यंत घड्याळ पुढे सरकत राहते आणि वरच्या टप्प्याची पाळी पाणी न मिळताच संपते. उरलेली मिनिटे राखून ठेवून तिथूनच पुढे कसे सुरू करावे? जाणकारांनी कृपया मार्ग दाखवावा.

प्रतिसाद १

आपले १३ सेकंद हिशोबाला धरूनच आहेत. युनोवर साधा इंट (पूर्णांक ठेवण्याचा प्रकार) १६ बिटांचा असतो आणि त्यात ३२,७६७ पर्यंतचीच संख्या मावते. ४५, ६० आणि १००० हे तिन्ही आकडे इंट धरले जात असल्यामुळे २७,००,००० हा गुणाकार त्यात मावत नाही. १६ बिटांत एकूण ६५,५३६ मूल्येच बसतात, म्हणून ६५,५३६ चे पूर्ण गट गळून १३,०२४ उरतात, म्हणजे १३ सेकंद. ३० मिनिटांचे तसेच ३०,५२८ उरतात. डिलेमध्ये आपण पूर्ण संख्या लिहिली होती, ती कंपायलरने आपोआप लाँग (३२ बिटांची मोठी संख्या) धरली, म्हणून तिथे हे दिसले नाही. पहिल्या आकड्याच्या शेवटी यूएल जोडावे (४५यूएल) आणि वेळेची सर्व चले अनसाइन्ड लाँग, म्हणजे ऋण चिन्ह नसलेली लाँग, ठेवावीत. मिलिस() सुमारे ४९.७ दिवसांनी शून्यावर येते. परंतु नेहमी ‘आताची वेळ वजा आधीची वेळ’ अशीच तुलना केली, तर त्या क्षणीही उत्तर बरोबर येते.

प्रतिसाद २

दुसऱ्या अडचणीसाठी ‘केव्हा सुरू झाले’ हे लक्षात ठेवण्याऐवजी ‘किती उरले’ हे ठेवावे. लूपच्या (सतत पुन्हा पुन्हा चालणाऱ्या मुख्य भागाच्या) प्रत्येक फेरीत मागील फेरीपासून गेलेला वेळ काढावा आणि पंप खरोखर चालू असेल तरच तो उरलेल्यातून वजा करावा. मागील फेरीची नोंद मात्र पंप थांबलेला असतानाही बदलत राहिली पाहिजे, नाहीतर विश्रांतीचा सगळा काळ पंप सुरू होताच एकदम वजा होईल. उरलेला वेळ गेलेल्या वेळेपेक्षा कमी असेल तर थेट शून्य करावा. अनसाइन्ड संख्या शून्याखाली जात नाही, ती प्रचंड मोठी होते आणि पंप कित्येक दिवस थांबणार नाही.

व्हॉल्व्ह उघडणे, पंप चालू, पाण्याची वाट, दाब उतरणे अशा अवस्था ठरवून प्रत्येक फेरीत स्विच-केसने (अनेक पर्यायांतून एक निवडणाऱ्या रचनेने) एकच अवस्था पाहावी, आणि फ्लोटची तपासणी त्या सर्वांच्या आधी करावी. पंप थांबताच विहिरीची पातळी थोडी वर येते, फ्लोट लगेच उलटतो आणि पंप चालू-बंद होत राहतो. म्हणून पाण्याच्या वाटेसाठी किमान १५ मिनिटांचा अवधी याच पद्धतीने मोजावा.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. रिलेंच्या जागी एलईडी लावून आणि मिनिटांऐवजी सेकंद धरून पाहिले. विसाव्या सेकंदाला फ्लोट हाताने उलटा केला, पंपाचा दिवा तत्क्षणी विझला आणि विश्रांतीनंतर उरलेले २५ सेकंदच जळला. आता एकच प्रश्न राहतो : वीज गेल्यावर हा उरलेला वेळ पुसला जातो. तो दर पाच मिनिटांनी ईईपीरॉममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या बोर्डावरील स्मृतीत) लिहिला, तर एका जागेच्या सुमारे १,००,००० लेखनांच्या मर्यादेत ते चालेल असे मला वाटते. कोणी प्रत्यक्ष केले असल्यास कृपया सांगावे.